शंभर अंश : पीकविम्याच्या शेवटच्या दिवसाचा घटनाक्रम

पुणे-नाशिक रस्त्यावरचं पेठ, तालुका आंबेगाव. खरीप २०२५ च्या पीकविम्याची आधी जाहीर झालेली शेवटची तारीख ३१ जुलै. इथलं सेवा केंद्र आणि माणसं कल्पित आहेत. तारखा, विम्याचे नियम आणि यंत्राचं वागणं मात्र खरं आहे.

३० जुलै, रात्री १०. मुदत संपायला २६ तास.
विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, असं केंद्रातल्या संगणकाच्या पडद्यावर सारखं येतंय. पुण्याहून आलेला केंद्रचालकाचा भाचा म्हणतो, "मामा, आत्ताच ११ टाकून देतो. सकाळी उठेपर्यंत तयार." इंटेलच्या प्रोसेसरांत विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे चालतं, हा आय-५ नेमका आठव्या पिढीचा, म्हणजे काठावर पास. संगणकाचा डबा विकत घेतल्यापासून एकदाही उघडलेला नाही, हे कुठलीच पात्रता-चाचणी विचारत नाही.

३१ जुलै, सकाळी ७. बाकी १७ तास.
अपग्रेड झालं. भाचा झोपला, यंत्राला मात्र झोप नाही. नवी प्रणाली आली की शोधासाठी फायलींची सूची नव्याने बनते, अँटीव्हायरसची तपासणी चालते, राहिलेले अपडेट उतरतात. हे सगळं मागल्या दाराने, काही तास. एरवी कुणाला कळतही नाही.

सकाळी ९. बाकी १५ तास.
बटाट्याची लागवड उरकून कुरवंडी, भावडी, थुगावची मंडळी आलीत. एक रुपयातला विमा यंदा बंद. खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता. फार्मर आयडी, सातबारा, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, सगळं स्कॅन करून चढवायचं. अर्जामागे केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये. नवा संगणक का घेतला नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे.

सकाळी १०.४०.
विम्याच्या पोर्टलवरचं चक्र फिरतच राहतं. "सर्व्हर डाऊन आहे," चालक सांगतो. आपल्याकडे हे वाक्य इतक्यांदा खरं निघालंय की पडताळून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. रांगेतल्या एका पोराच्या मोबाइलवर तेच पोर्टल झटकन उघडतं.

सकाळी ११.१५.
भाचा तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकतो. ९४. स्कॅनर चालू करताच १००, लाल अक्षरांत.

या प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांची. तिथे पोचल्यावर तो जळत नाही. स्वतःचा वेग उतरवतो, म्हणजे उष्णता कमी तयार होते. विंडोज त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३७ क्रमांकाने करतं: प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने मर्यादित केला आहे. ती नोंद सकाळपासून पडत होती. तिकडे कोण बघतो?

दुपारी १२. बाकी १२ तास.
पहिला उपाय, रिस्टार्ट. अर्धवट राहिलेले अपडेट तेवढ्यात बसू लागतात, आणखी वीस मिनिटं गेली. दुसरा उपाय, 'पीसी थंड करा' म्हणणारं फुकट सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरने धूळ निघत नाही. प्रोसेसरला आणखी एक काम मात्र लागतं.

"दादा, आमचं होईल ना आज?" थुगावच्या आजी विचारतात.
"होतंय आजी, बसा जरा."

दुपारी १.३०.
डबा टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढून त्याची बाजू उघडतात. पंख्याखालच्या हीटसिंकवर महामार्गाची धूळ आणि पावसाळी ओल मिळून नमद्यासारखा थर बसलाय. विंडोज १० वर काम हलकं होतं म्हणून तो खपून गेला. भाचा मात्र अजून अपग्रेडलाच शिव्या घालतोय. टेबलफॅन समोर लावला, ८६ वर आलं, दोन अर्ज गेले. इथे थांबले असते तर संध्याकाळपर्यंत रांग संपली असती.

दुपारी २.५०. बाकी नऊ तास.
"आता नीटच साफ करतो," म्हणत भाचा हीटसिंक काढतो. वाळलेली जुनी थर्मल पेस्ट फडक्याने पुसतो. नवी पेस्ट पेठेत मिळत नाही. रांगेतून कुणीतरी टूथपेस्ट सुचवतं. हीटसिंक तसाच कोरडा बसवला जातो. चारपैकी तीन खुंट्या खटकन बसतात, चौथी नुसती टेकलेली. पेस्ट नाही, दाबही सारखा नाही, म्हणजे धातू आणि चिप यांच्यात हवा. उष्णता बाहेर नेण्याच्या कामात हवा अगदीच कुचकामी.

दुपारी ३.१०.
काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ: सीपीयू ओव्हर टेंपरेचर एरर. एफ१ दाबून पुढे जातात. विंडोजचं चिन्ह उमटतं आणि संगणक पटकन बंद पडतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. हद्दीबाहेर तापल्यावर प्रोसेसर वीज तोडायला लावतो, म्हणून चिप वाचते. दिवस वाचत नाही.

दुपारी ३.४५.
ज्यांच्याकडे गाडी आहे ते दुसऱ्या केंद्रासाठी मंचरला निघाले. आजी आणि आणखी चौघी परत गावाकडे.

पुढे सरकारने मुदत १४ ऑगस्टपर्यंत वाढवली, त्यामुळे त्या वर्षी राहिलेल्यांना संधी मिळाली. दर वर्षी तशी वाढेल या भरवशावर कुणी राहू नये. केंद्रचालकांनो, अपग्रेड करायचंच आहे तर विम्याची खिडकी बंद झाल्यावर करा, आणि त्याआधी डब्याची बाजू उघडून एकदा आत बघा.