मेणवलीचा वाडा : घर हेंहि एक साधन

जुन्या कागदांचा शोध करणारांस एक अनुभव नेहमीं येतो. रुमाल हातीं लागतो, पत्रें वाचलीं जातात, त्यांतील निवडक छापलींहि जातात. परंतु तो रुमाल ज्या माळ्यावर शंभर दीडशें वर्षें राहिला, त्या घराविषयीं एक ओळहि कोणी टिपून ठेवीत नाहीं. पुढें घर पडतें आणि कागद पोरका होतो. घर हेंहि पत्राइतकेंच अस्सल साधन आहे, हें एका लहान गांवाच्या उदाहरणानें दाखविणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

तें गांव वाईहून सुमारें एक कोसावर कृष्णाकांठीं असलेलें मेणवली. नाना फडणीस (१७४२–१८००) यांस हा गांव औंधकर प्रतिनिधींकडून १७६८ सालीं इनाम मिळाला. नानांनीं तेथें सहा चौकांचा वाडा, नदीस दगडी घाट, आणि विष्णु व मेणेश्वर यांचीं देवालयें बांधविलीं. वाड्याच्या कांहीं दालनांतील भिंतींवर रंगीत चित्रें आहेत. पुण्यांतील शनिवारवाड्याचा आंतील भाग १८२८ च्या आगींत जळून गेला. त्यामुळें पेशवाईंतील थोर मुत्सद्द्याचें घर आंतून कसें होतें, हें प्रत्यक्ष पाहावयाचें तर मेणवलीसारख्या ठिकाणींच गेलें पाहिजे.

घाटावरील देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर मेरी व बाल येशू यांची आकृति असून १७०७ हा सनाचा आंकडा आहे. चिमाजी आपांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां तेथील ख्रिस्ती देवळांतील घंटा मराठे सरदारांनीं आपापल्या देवालयांस अर्पिल्या. त्यांपैकींच ही एक, अशी परंपरा आहे. नाशिक येथील नारोशंकराच्या देवळांतील १७२१ ची घंटा याच जातीची. आतां ही मेणवलीची घंटा उद्यां एखाद्या संग्रहालयांत नेऊन ठेविली, तर आंकडा व आकृति कायम राहतील. परंतु फडणिसांच्या घाटावर ती कां आली, हा अर्थ जागेबरोबरच जाईल.

दप्तराचें असेंच झालें. मेणवलीच्या वाड्यांतील नानांचें दप्तर रा. ब. पारसनीस यांच्या प्रयत्नानें त्यांच्या सातारच्या संग्रहांत आलें, आणि तो संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. कागद वांचले, हा उपकार थोर आहे. पण कोणता रुमाल कोणत्या दालनांत, कोणाच्या हाताखालीं होता, हें आज कागदांवरून सांगतां येत नाहीं. कै. राजवाडे यांनीं वाईस मिळालेल्या पत्रांवरून पानिपतचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, तेव्हांपासून आपण घरोघर फिरून दप्तरें गोळा करीत आलों. त्या घरांचें काय झालें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. यांत दोष असेल तर तो आपल्या सर्वांचा आहे.

लहान गांवांतील वाडा एकाएकीं पडत नाहीं. भाऊबंदांत वांटणी होते, एक वांटेकरी परगांवीं राहतो, त्याच्या बाजूचीं कौलें फुटतात. पाणी तुळईच्या भिंतींत रुतलेल्या टोंकांशीं मुरतें, तेथें वाळवी लागते, आणि टोंक कुजलें कीं वरचा मजला खचतो. दुरुस्ती म्हणून मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला, तर आंतील ओल आंतच कोंडते व लाकूड अधिकच लवकर कुजतें. चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊं देतो. शेवटीं कोरीव खांब व चौकटी विकल्या जातात.

कायद्याचा आधार येथें तोकडा आहे. १९५८ च्या कायद्यानें निदान शंभर वर्षांची वास्तु संरक्षित करतां येते, पण ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरावी लागते. १९६० च्या राज्याच्या कायद्याची यादीहि सर्व गांवांपर्यंत पोंचत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें ऐतिहासिक मोलाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांनीं, व इतर वस्तु शंभर वर्षांनीं पुराणवस्तु ठरते; इमारतींतून सुटी काढलेली वस्तुहि तींत मोडते. म्हणजे खांब घरांत उभा असतां ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, तोच घर मोडल्यावर पुराणवस्तु होतो!

प्रत्येक वाडा विकत घेऊन राखावा, असें कोणी म्हणणार नाहीं. घरधन्यास तें परवडत नाहीं व मंडळांसहि नाहीं. परंतु दोन गोष्टी आपल्या हातीं आहेत. पहिली, दप्तर पाहावयास जाल तेव्हां घराचा नकाशा, चौक व खण यांचीं मापें, लेख, चित्रें आणि रुमाल मिळाल्याची नेमकी जागा टिपून ती टिपणी रुमालाबरोबरच ठेवावी. दुसरी, घरधन्यास एवढें सांगावें कीं, इतर कांहीं न जमलें तरी पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं. ज्या घरानें दीडशें वर्षें आपले कागद कोरडे ठेविले, त्याचें छप्पर कोरडें राहावें, एवढें तरी आपण त्याचें देणें लागतों.