ओंडक्यापासून नोंदवहीपर्यंत : चालत्या सर्व्हरचे नियम बदलण्याचा इतिहास

१/
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान बल्लारशाहच्या लाकूड डेपोत येते. तेथे प्रत्येक नगाची लांबी व घेर मोजून त्यावर क्रमांक घातला जातो. अशा ओंडक्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. जावा भाषेत लिहिलेल्या सर्व्हरच्या नोंदींनाही ‘लॉग’च म्हणतात. हे नामसाम्य योगायोगाचे नाही.

२/
सोळाव्या शतकात इंग्रज खलाशी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात टाकीत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या, तो वेग. म्हणूनच जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात. हे आकडे ज्या वहीत लिहीत ती ‘लॉग-बुक’. संगणकाने हाच शब्द पुढे उचलला.

३/
सर्व्हर महिनोन्‌महिने अखंड चालतो. त्याने प्रत्येक बारीक गोष्ट लिहून ठेवली तर डिस्क भरते आणि कामाची गती मंदावते. म्हणून नोंदींचे स्तर ठरले : डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. एरवी वरचे स्तर पुरेसे असतात; बिघाड उद्भवला की मात्र खालच्या स्तरावरील बारकावे हवेसे वाटतात.

४/
येथेच पेच होता. कोणता स्तर लिहायचा, हे सांगणारी फाइल सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जाई. ती बदलायची तर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्यात वापरकर्त्यांचे काम तुटे आणि स्मृतीतील स्थितीही पुसली जाई. पुरावा पाहण्यासाठी आधी पुरावाच नष्ट करण्यासारखा हा प्रकार होता.

५/
१९९६ च्या आरंभी युरोपीय संघाच्या ‘सेम्पर’ या प्रकल्पाने स्वतःची नोंदप्रणाली लिहिण्याचे ठरवले. तिच्यातूनच पुढे ‘लॉगफोरजे’ घडले. जेकी ग्युल्जू हे त्याचे प्रमुख शिल्पकार. २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

६/
त्यात ‘कॉन्फिगर अँड वॉच’ ही सोय होती. एक स्वतंत्र धागा, म्हणजे थ्रेड, पहारेकऱ्यासारखा ठरावीक वेळाने फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ तपासे. दुसरे काही सांगितले नसेल, तर दर ६० सेकंदांनी. वेळ नवी दिसली की फाइल पुन्हा वाचली जाई. सर्व्हर क्षणभरही थांबत नसे.

७/
पण या पहारेकऱ्याला घरी पाठवण्याची सोयच नव्हती. एका सर्व्हरवर अनेक उपयोजने नांदतात. त्यांतले एखादे काढून पुन्हा बसवले, तरी जुना धागा जिवंत राही आणि स्मृती अडवून ठेवी. म्हणूनच अशा ठिकाणी ही सोय असुरक्षित आहे, असा इशारा लॉगफोरजेच्याच दस्तऐवजात नोंदवावा लागला.

८/
२००२ मध्ये जावा १.४ बरोबर भाषेची स्वतःची नोंदप्रणाली आली. तिला आज्ञा दिली तर ती फाइल पुन्हा वाची, मात्र स्वतःहून पहारा देत नसे. ग्युल्जू यांच्याच ‘लॉगबॅक’मध्ये ‘स्कॅन’ हा एक शब्द लिहिला की पहारा सुरू होतो. नव्या फाइलीच्या रचनेत चूक असल्यास आधीचे सुस्थितीतील नियम पुन्हा लागू करण्याची खबरदारीही पुढे त्यात आली.

९/
२०१४ मध्ये लॉगफोरजे २ अवतरले. ‘मॉनिटर इंटरव्हल’मध्ये सेकंदांचा आकडा लिहायचा, एवढेच काम उरले. महत्त्वाची सुधारणा वेगळीच होती : नियम बदलत असताना येणारी एकही नोंद हरवू नये, अशी त्याची रचना होती.

१०/
डिसेंबर २०२१ मध्ये मात्र ‘लॉगफोरशेल’ने जग हादरले. नोंदवहीत लिहायला आलेला मजकूरच आज्ञा समजला जाई आणि त्यातून परका प्रोग्राम सर्व्हरवर चालवता येई. फाइल पुन्हा वाचल्याने नियम बदलतात, मूळ प्रोग्राम बदलत नाही. दुरुस्त आवृत्ती बसवायची, तर सर्व्हर थांबवणे भागच होते.

११/
जंगल कसे तोडावे व राखावे, हे ठरवणारी वनविभागाची कार्य आयोजना साधारण १० वर्षांची असते. ती नव्याने लिहिली जाते तेव्हा जंगल वाढायचे थांबत नाही. सर्व्हरही आता तसाच चालता चालता नवे नियम स्वीकारतो. फरक इतकाच, की दशकाच्या जागी मिनिट आले.

१२/
तरीही एक मर्यादा उरतेच. बदललेला नियम फक्त पुढच्या क्षणांना लागू होतो. काल जे लिहिले गेले नाही, ते आज स्तर बदलून परत मिळत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही व्यथा नवी नाही : साधने तेवढीच उरतात, जेवढी त्या काळी कोणीतरी नोंदवण्याजोगी मानली.