मापाकडून तासाकडे : तळवली परिसरातील मातीकाम आणि भाडोत्री यंत्र

जमिनीच्या मालकीचा विचार आपल्या इतिहासलेखनात पुष्कळ झाला आहे. धारा, खंड, इनाम, कुळकायदा यांवर ग्रंथ आहेत, प्रबंध आहेत. पण तीच जमीन खणून, उचलून, दुसरीकडे नेऊन टाकण्याच्या कामाकडे, म्हणजे साध्या भाषेत मातीकामाकडे, अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने फारच थोडे गेले आहे. प्रस्तुत लेखात ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस असलेल्या तळवली गावाच्या परिसरात हे काम कोणकोणत्या पद्धतीने होत आले याचा विचार केला आहे. आज तेथे बांधकामासाठी व बागबगीच्यांच्या आखणीसाठी लहान लोडर यंत्र तासाच्या भाड्याने आणले जाते. हा व्यवहार वरवर पाहता क्षुल्लक वाटतो; परंतु त्यात मोबदल्याचे माप बदलले आहे, आणि माप बदलले की कामातील जोखीमही एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ही जोखीम कशी सरकत गेली हेच येथे दाखवावयाचे आहे.

तळवली, घणसोली, गोठिवली, रबाळे ही एका ओळीने वसलेली आगरी-कोळी वस्तीची गावे होत. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस खाडी, आणि मध्ये भाताची खाचरे व खाजणे अशी या पट्ट्याची मूळची रचना होती. येथील शेती ही निसर्गाने दिलेली नसून बऱ्याच अंशी मातीकामाने मिळविलेली होती, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचा बांध घालावयाचा, त्यात पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी ठेवावयाची, आणि काही पावसाळ्यांत मीठ धुऊन गेल्यावर खारे भात पेरावयाचे, अशी ती पद्धत. उत्तर कोकणात अशा जमिनीच्या धारणेस ‘शिलोत्री’ म्हणत आणि बांधाच्या डागडुजीसाठी कुळाकडून धाऱ्याव्यतिरिक्त धान्याचा काही भाग घेतला जाई. म्हणजे बांध राखण्याचा खर्च हा जमिनीच्या हिशेबातच धरलेला असे. बांध फुटला तर ज्याचे पीक जाई त्यालाच, किंवा त्याच्या खोताला वा शिलोत्रीदाराला, त्याची झळ लागे. मातीकामाचा मोबदला, जमिनीचा उपभोग आणि नुकसानीचा धोका या तिन्ही गोष्टी एकाच गावाच्या सीमेत राहत. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने शासन या व्यवस्थेत शिरले; तोवर ती मुख्यतः गावाच्या व जमीनदाराच्या हाती होती.

गावाबाहेरील मोठी मातीकामे मात्र वेगळ्या लोकांची. महाराष्ट्रात हे काम करणारा समाज म्हणजे वडार. माती वडार, गाडी वडार आणि जाते किंवा पाथरवट वडार हे त्यांचे प्रमुख भेद कामावरूनच पडले आहेत. यांपैकी गाडी वडाराकडे आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष दिले पाहिजे. दगड वाहण्याची गाडी त्याची, ओढणारे जनावर त्याचे आणि अंगमेहनतही त्याचीच. साधन आणि कामकरी यांची फारकत तेथे झालेली नव्हती. अशा माणसास गाडी ‘भाड्याने’ आणली असे कोणी म्हणत नसे. काम दिले असे म्हणत.

आणि ते काम मापाने दिले जाई. शंभर घनफुटांचा एक ब्रास हे आपल्याकडील मातीकामाचे व खडीचे रूढ माप. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व एक फूट खोल खणले की एक ब्रास भरला. खड्ड्याच्या मध्ये न खणलेल्या मातीचे खुंट मुद्दाम राखून ठेवीत; मूळ जमीन कोठवर होती याची ती साक्ष. मापणी करणारा त्यांवरून खोली काढी, आणि माप होईपर्यंत त्या खुंटांस कोणी हात लावीत नसे. या पद्धतीत मजुराने दिवसातून किती वेळ काम केले हा प्रश्न उद्भवत नाही. उलट, खाली मऊ माती लागो की कठीण मुरूम लागो, दर ठरलेला असला की कठीण मुरुमाचा भुर्दंड खणणाऱ्याच्याच पाठीवर बसे. ‘उक्ते’ या शब्दात आपल्याकडे जी मोकळीक आणि जो धोका आहे तो असा एकत्र आलेला आहे.

इंग्रजी अंमलात रेल्वेच्या कामांनी या पद्धतीला अवाढव्य रूप दिले. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला; कामाच्या भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पंचवीस बोगदे पडले ते सुरुंगाच्या दारूने, पहारीने आणि पाटीने. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि मजूर ही उतरंड तेथे पक्की झाली; परंतु सर्वांत खालच्या पायरीवर मोजली जात होती ती मातीच. यंत्राने मजुराची जागा घेतली नव्हती, कारण मजूर स्वस्त होता. हे कारण पुढे शंभर वर्षे टिकले.

किंबहुना काही ठिकाणी ते धोरण म्हणून टिकविण्यात आले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेला जो विस्तार मिळाला व १९७७ मध्ये तिचा जो कायदा झाला, त्यात मजुरांची जागा यंत्राने घेऊ नये हा दंडक होता आणि मजुरी कामाच्या मापावर ठरत होती. नेमक्या त्याच वर्षांत त्याच राज्यात ठाण्याच्या खाडीकाठी उलटा प्रवाह सुरू झाला होता. एकीकडे टिकाव-फावड्याला कायद्याचे संरक्षण आणि दुसरीकडे यंत्राला मोकळे रान, हा विरोध एकाच शासनाच्या कारभारात शेजारी शेजारी नांदला, हे विसरता कामा नये.

खाडीकाठी काय घडले ते थोडक्यात असे. कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे ‘कृषक दिनी’, कसणाऱ्या कुळाला मालक मानण्यात आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची, डोंगराकडील जमीन कारखान्यांसाठी जाऊ लागली. १९७० मध्ये नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांची जमीन संपादनाखाली आली आणि त्याच वर्षी १७ मार्च रोजी सिडकोची स्थापना झाली. याचा अर्थ असा की या पट्ट्यातील पुष्कळ कुळांना मालकी लाभली ती जेमतेम तेरा वर्षे. मोबदल्याचा असंतोष वाढत जाऊन जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे १९९० च्या दशकात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अमलात आली. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून काम करू लागली आणि तळवली तिच्या हद्दीतील एक गाव झाले.

सिडकोपुढचा प्रश्न मूलतः शिलोत्रीदाराचाच होता. सखल भूमी आणि भरतीचे पाणी हे दोन्ही पूर्वीसारखेच होते. सगळीच जमीन भरावाने उचलणे परवडणारे नसल्यामुळे हॉलंडच्या धर्तीवर बांध, धारण तलाव आणि भरतीला आपोआप मिटणारी दारे अशी योजना करण्यात आली. खारबांधाची उघाडी ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की बांधाची काळजी आता गावाकडे राहिली नाही. तरीही भराव लागलाच. खाडीची काळी चिकट माती भार सोसत नाही. तीवर इमारत उभी करावयाची तर मुरूम आणून टाकावा, पसरावा व दाबावा लागतो. डोंगरातील खाणींतून डंपर खाली येऊ लागले आणि त्यांनी ओतलेला ढीग पसरण्यासाठी यंत्रे आली.

या यंत्रांचे दोन वंश आहेत. पहिला वंश बॅकहो लोडरचा. इंग्लंडातील अटॉक्सिटर येथे जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याने १९५३ मध्ये पुढे भरणी व मागे खणणी करणारे असे यंत्र काढले. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सशी भागीदारी होऊन त्याचे उत्पादन दिल्लीजवळ बल्लभगड येथे सुरू झाले. त्या कारखान्याची आद्याक्षरे मराठीत यंत्राचेच नाव होऊन बसली आणि ‘जेसीबी’ हा शब्द आज खेड्यातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. दुसरा वंश लहान लोडरचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावी केलर बंधूंनी १९५७ मध्ये तो घडविला, आणि तोही टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी. गोठ्याच्या वरच्या मजल्यावर जाण्याइतके हलके आणि खांबांच्या मधून वळण्याइतके आटोपशीर यंत्र त्यास हवे होते. पुढे मेलरो या कंपनीने ते घेतले, १९६० मध्ये त्यास चार चाके आली आणि १९६२ पासून ते ‘बॉबकॅट’, म्हणजे रानमांजर, या नावाने विकले जाऊ लागले. हेही नाव आपल्याकडे सामान्यनाम झाले आहे. याची चाके वळत नाहीत; डाव्या व उजव्या बाजूच्या चाकांना निरनिराळी गती देऊन यंत्र जागच्या जागी घसरत फिरते. बॅकहो लोडरचे वजन साधारण साडेसात टन, तर याचे अडीच ते साडेतीन टन. जुन्या गावठाणात घराला घर लागून उभे आहे, बोळातून मोठे यंत्र वळत नाही. सोसायटीच्या आवारात हिरवळीसाठी माती पसरावयाची तर दोन इमारतींच्या मधल्या फाटकातून जावे लागते. अशा ठिकाणी टर्कीच्या गोठ्यातील तो गुण उपयोगी पडतो. मात्र घसरत फिरण्याच्या याच गुणामुळे ते तयार हिरवळ उखडते आणि काँक्रीटवर टायर झिजवते.

एवढे महाग यंत्र एका घराच्या किंवा एका बागेच्या कामासाठी कोणी विकत घेत नाही. म्हणून ते भाड्याने येते, आणि भाडे तासावर ठरते. येथे इतिहासाच्या दृष्टीने मोठी उलथापालथ झाली आहे. यंत्रावर इंजिन चालल्याचे तास मोजणारा मापक असतो. तो फिरला म्हणजे पैसे फिरले. बकेटमध्ये किती माती आली हे तो सांगत नाही. डंपर उशिरा आला, खाली डबर लागले, नळ फुटला, शेजाऱ्याने हरकत घेतली, तरी इंजिन सुरू असेतोवर भाडे चालूच. ब्रासाच्या दरात कठीण मुरुमाचा जो भुर्दंड वडाराने सोसला तो तासाच्या दरात काम करवून घेणाऱ्याने सोसावयाचा. म्हणून आता वाद मातीच्या खोलीवर होत नाहीत. यंत्र येण्याजाण्याचा वेळ कोणाचा, किमान किती तासांचे भाडे, डिझेल कोणी भरावयाचे, जेवणाची सुट्टी धरावयाची की नाही, यांवर होतात. गंमत अशी की मुरूम अजूनही ब्रासनेच विकत घेतला जातो आणि शासनाचे स्वामित्वधनही त्याच मापाने आकारले जाते. एकाच भरावाचा माल ब्रासमध्ये आणि मेहनत तासात, असा हा दुपेडी हिशेब आहे.

यंत्राचा मालक कोण? जमीन गेलेल्या कुटुंबांतील अनेकांनी मोबदल्याचा किंवा भूखंडविक्रीचा पैसा टँकर, डंपर आणि मातीकामाची यंत्रे यांत घातला व शहराच्या बांधकामातील छोटी कंत्राटे मिळविली. या बदलाची खूण भाषेतही उमटली आहे. पूर्वी जमीन खंडाने ‘लावीत’. आता साइटवर मशीन ‘लावतात’, कंपनीत गाडी ‘लावतात’. क्रियापद तेच राहिले. पण खंड आणि भाडे यांत मूलभूत अंतर आहे. जमीन झिजत नाही, यंत्र झिजते; जमिनीवर बँकेचा हप्ता दरमहा चालत नाही, यंत्रावर चालतो; आणि जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा शेताला खरे मोल येई, तेव्हाच मातीकाम थंडावून यंत्र उभे राहते. भूमिपुत्राला जमिनीच्या बदल्यात उत्पन्नाचे साधन मिळाले, असे जे सरसकट म्हटले जाते ते या कारणास्तव आम्हांस पटत नाही. मिळाले ते वर्षातून आठ महिने चालणारे आणि दर तासाला कमी होत जाणारे साधन.

कायद्यालाही या व्यवहाराचे स्वरूप ठरविताना बराच वेळ लागला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या व्यवहाराची कलमे आहेत; वस्तू भाड्याने दिली असेल तर तीतील दोषाने होणाऱ्या नुकसानीस देणारा जबाबदार, मग तो दोष त्यास माहीत असो वा नसो, असे कलम १५० सांगते. पण तेथे वस्तूचा ताबा सुटलेला असतो. ऑपरेटरसह आलेल्या यंत्राचा ताबा कोणाकडे? १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने वस्तू वापरण्याचा हक्क दुसऱ्यास देण्यावर विक्रीकर बसविता येऊ लागला आणि हा प्रश्न न्यायालयात गेला. राष्ट्रीय इस्पात निगमने विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पावरील कंत्राटदारांना शुल्क घेऊन यंत्रे वापरू दिली होती. परिणामकारक नियंत्रण निगमकडेच राहिले, म्हणून वापराचा हक्क हस्तांतरित झाला नाही, असा निर्णय आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिला व सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो कायम केला. २००८ पासून ताबा न सोडता पुरविलेल्या यंत्रावर सेवाकर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने भाडेपट्टीही सेवेतच धरली. तेव्हा तळवलीच्या बोळात सकाळी येऊन दुपारी परत जाणारे यंत्र हे कायद्याच्या भाषेत दिलेली वस्तू नसून केलेली सेवा आहे.

सेवा म्हटली की ती करणारा माणूस आला, आणि तो या सर्व हिशेबात दिसतच नाही. गाडी वडाराच्या ठायी मालक, साधन आणि श्रम एक होते; येथे मालक एक, भाडे देणारा दुसरा आणि यंत्राच्या दांड्या धरणारा ऑपरेटर तिसरा. यंत्राचा दर सांगितला जातो, त्यात ऑपरेटरची मजुरी विरघळलेली असते. चिखलात यंत्र कलंडले तर मालकाचे यंत्र जाते आणि काम देणाऱ्याचा दिवस जातो. आत बसलेला असतो तो ऑपरेटर. कायद्यान्वये तो बांधकाम कामगार ठरू शकतो; परंतु लाभार्थी म्हणून नाव नोंदवावयाचे तर मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस अशा कामावर असल्याचे दाखवावे लागते. आठवड्यात पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन-चार तास काम केलेल्या माणसाच्या त्या दिवसांचा दाखला कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उरतो. मुरूम ब्रासने, यंत्र तासाने आणि माणूस दिवसाने मोजणारी तीन मापे एकाच खड्ड्यावर येऊन भेटतात. पहिल्या दोहोंच्या पावत्या फाडल्या जातात.