मूक अक्षरे आणि मराठीचा अनुस्वार

दिल्लीचे नाव इंग्रजीत लिहिताना 'एल' या अक्षरापुढे 'एच' लिहितात, आणि तो कोणीही उच्चारीत नाही. फारसी व उर्दू लेखनात 'देहली' हे रूप रूढ होते. तेथे हकार लकाराच्या आधी येतो आणि पुसट का होईना, कानाला जाणवतो. इंग्रजी लेखनात तो एक घर पुढे सरकला आणि मुका झाला. त्याहून मागे गेले तर पालम येथील पायविहिरीच्या १२७६ सालच्या शिलालेखात ही नगरी ढकाराने आरंभ होणाऱ्या नावाने येते. त्या ढकारातील महाप्राणच पुढे देहलीच्या हकारात उतरला, असे निश्चयाने म्हणणे धाडसाचे होईल. तथापि शहराच्या नावातील एक अक्षर उच्चारातून निघून गेल्यावरही कागदावर राहिले, एवढे येथे स्पष्ट दिसते.

इंग्रजीतील मूक अक्षरांचा आपल्याकडे फार उपहास होतो. शाळेतील मुलाला 'नाइट' म्हणजे सरदार, हा शब्द 'के' ने सुरू करावयास सांगितले की तो चकित होतो. हा 'के' एके काळी खरोखर उच्चारला जात होता. जर्मन भाषेतील 'क्नेख्ट' या त्याच्या भाऊबंद शब्दात तो अद्यापि उच्चारला जातो. परंतु सर्व मूक अक्षरांची कुळी एकच नाही. 'डेट' म्हणजे ऋण, या शब्दातील 'बी' इंग्रजांच्या तोंडी कधीच नव्हता. लॅटिन 'डेबितुम' शब्दाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसविला. 'आयलंड' मधील 'एस' तर शुद्ध गैरसमजातून आला आहे. मूळचे अक्षर, पंडितांनी बसविलेले अक्षर आणि चुकून आलेले अक्षर अशा तीन जाती येथे एकाच मौनाखाली नांदतात.

हा उपहास करताना मराठी माणूस देवनागरीची थोरवी सांगतो की, आम्ही लिहितो तसेच वाचतो. ते पुरते खरे नाही. 'राम', 'घर', 'पाऊस' या शब्दांतील अंत्य अकार मराठीच्या तोंडी नाही. 'चमचा' या एकाच शब्दात 'च' दोन प्रकारांनी वाचावा लागतो. आणि १९६२ पर्यंत शिष्ट मराठी लेखनात मूक चिन्हांची एक पलटणच उभी होती. नांव, गांव, पांच, दांत, कांहीं, नाहीं, घरीं, मी जातों, त्यानें, तें झालें: या शब्दांवरील शीर्षबिंदू पुण्यामुंबईच्या शिक्षितांच्या उच्चारात बहुतांशी उरले नव्हते. ते कोठे द्यावयाचे हे कान सांगत नसे. व्याकरण सांगे, आणि व्याकरण न शिकलेल्याचे लेखन अशुद्ध ठरे.

यांतील बहुतेक बिंदूंना वंशावळ होती. 'गांव' वरील बिंदू हा 'ग्राम' मधील मकाराचा अवशेष, 'नांव' वरील 'नामन्' मधील मकाराचा, 'दांत' व 'पांच' यांवरील 'दन्त' व 'पञ्च' यांतील अनुनासिकांचा. 'सोनें', 'केळें' यांवरील बिंदू संस्कृतातील 'अकम्' या नपुंसकलिंगी अंत्याकडे बोट दाखवितो, आणि शेजारची गुजराती 'सोनुं' म्हणताना तो नाद आजही नाकातून काढते. हिंदीत 'साँप' सानुनासिक आहे, पण मूळ 'सर्प' शब्दात अनुनासिक नाही. तेव्हा दिसेल त्या बिंदूचे मूळ संस्कृतात शोधू नये, हेही खरे.

'अनुच्चारित' हे विशेषण मात्र तपासून घेण्याजोगे आहे. अनुच्चारित, पण कोणाच्या तोंडी? दिल्लीच्या रस्त्यावर कोणीही 'गाँव', 'पाँच', 'दाँत' म्हणताना ऐकावे. मराठीने जो नाद टाकला तो तेथे ठणठणीत आहे. राजधानीलगतच्या गुडगाँवचे २०१६ साली गुरुग्राम असे नामांतर झाले, तेव्हा अनुनासिकाच्या जागी त्याचा पूर्वज मकार पुन्हा येऊन बसला. कोकणीत 'तें' म्हणताना नाकातून स्वर निघतो आणि लेखनातही बिंदू पडतो. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून त्या एकाच संस्थेच्या मराठी पुस्तकात 'ते' आणि कोकणी पुस्तकात 'तें' छापले जाते. चित्पावनी बोलीतही सानुनासिक स्वर ठळक आहेत. पुण्यात बसून मराठीची प्रमाणरूपे ठरविणाऱ्या घराण्यांपैकी कित्येकांच्या आजेपणजे याच बोलीत बोलत असत, हे येथे सहज आठवते. म्हणजे मौन होते ते एका भूभागाच्या आणि एका वर्गाच्या उच्चारातले; ते भाषेचे मौन म्हणून नोंदले गेले.

या मौनाची पहिली मोठी फिर्याद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले व हातवळणे या त्रयीने मांडली. जे उच्चारात नाही ते लिहू नये, असा त्यांचा रोख होता. वाद दीर्घकाळ चालला आणि बिंदू टिकून राहिले. १९५४ साली दिल्लीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही जुनी रीत पुष्कळ छापील मराठीत चालू होती. मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले, त्याने चौदा नियम सिद्ध केले आणि महाराष्ट्र शासनाने ते १९६२ मध्ये स्वीकारले. पुढे १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार द्यावा, 'लोकांना', 'मुलांचा' अशा अनेकवचनी सामान्यरूपांवर तो द्यावा, आणि इतर कारणांनी दिले जाणारे अनुस्वार, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होवोत वा न होवोत, देऊ नयेत, असा निर्णय झाला. ज्या वाङ्मयात शतकानुशतके बिंदू चालत आले, त्यात ते एका ठरावाने थांबले. योगायोग असा की, ज्यांच्या मृत्युपत्राने इंग्रजीला नवी वर्णमाला देण्याची तजवीज केली होती त्या बर्नार्ड शॉ यांचे 'अँड्रोक्लीज अँड द लायन' हे नाटक त्या वर्णमालेत छापून निघाले तेही १९६२ सालीच. इंग्रजांनी ते कुतूहलाने पाहिले आणि बाजूस ठेवले.

मराठी सुधारणेच्या बाजूने बोलावे तितके थोडे आहे. खेड्यातील शाळेत पहिल्याने पाटी धरणाऱ्या मुलाला 'घरीं' वर बिंदू का, हे अपभ्रंशाचा इतिहास सांगितल्याशिवाय पटविता येत नसे. आणि तो सांगणारा शिक्षक शंभरांत एखादा. मुद्रकाचे खिळे कमी झाले, मुद्रितशोधकाचे डोळे वाचले. बिंदू गाळल्याने भाषा दुबळी झाली, असे म्हणणाऱ्यांचे भय अवास्तव ठरले.

पण काही गेले, हेही नाकारता येत नाही. 'तें गेलें' म्हणजे ते मूल गेले, आणि 'ते गेले' म्हणजे ते पुरुष गेले; आज दोन्ही वाक्ये कागदावर एकच आहेत. 'जातों' म्हणजे मी, 'जातो' म्हणजे तो. गद्यात कर्ता शेजारी उभा असतो, म्हणून अडत नाही. कवितेत कर्ता वारंवार अध्याहृत असतो, आणि तेथे त्या बिंदूने बोलणारा कोण हे सांगितलेले असते. जुन्या कवीची ओळ नव्या लेखनात उतरविताना संपादक कित्येकदा नकळत प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष करतो.

गंमत अशी की, बाहेर घातलेला बिंदू मागच्या दाराने परत आला आहे. 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी बोलीतील रूपे पात्रांच्या तोंडी घालताना अनुस्वार द्यावा, अशी मुभा त्याच नियमांत आहे. 'केलं' वरील हा बिंदू 'केलें' वरील बिंदूचाच वारस होय. पण आता तो नाकातील नाद दाखवीत नाही, लांबलेला अकार दाखवितो. मूक म्हणून ज्याला घालविले, त्याला नवा उच्चार देऊन पुन्हा कामावर घेतले. कथा-कादंबऱ्यांतील संवाद आज त्याच्यावाचून चालत नाहीत.

समीक्षकाने खरी चिंता करावी ती वेगळ्याच नियमाची. जुन्या वाङ्मयातील उतारे कसे छापावेत, याविषयी महामंडळाने रेषा आखली: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्या दोघांपासून पुढचे सर्व, त्यांचे स्वतःचे लेखन धरून, नव्या नियमांनुसार. म्हणजे तुकारामाचे लेखन त्याच्या काळाचे, आणि केशवसुतांचे १९६२ चे! शालेय पुस्तकापुरती ही सोय समजण्यासारखी आहे. पण पुढच्या आवृत्त्या याच रीतीने निघाल्या, तर आधुनिक मराठी वाङ्मयाच्या पहिल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा लेखनातील पुरावा त्या आवृत्त्यांतून नाहीसा होतो. कोणी कोठे बिंदू दिला, कोठे टाळला, कोणाच्या लेखणीत प्रादेशिक बोलीचा नाद उरला होता, हे पाहण्यास अभ्यासकाला जुन्या प्रती धुंडाळाव्या लागतात, आणि त्या प्रती सर्वत्र मिळत नाहीत. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा देण्यात आला, तो तिच्या प्राचीनतेच्या बळावर. त्या प्राचीनतेचा एक घरगुती दाखला याच बिंदूंत होता.

शिवाय ही रेषा व्यक्तीपाशी येऊन अडखळते. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. ती सीमा मानली तर जोतीराव फुल्यांची १८७३ ची 'गुलामगिरी' अलीकडे राहते आणि १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' पलीकडे जातो. फुल्यांचे लेखन पंडिती शुद्धलेखनाच्या कह्यात कधीच नव्हते. त्यांचे बिंदू पडत ते त्यांच्या स्वतःच्या कानाप्रमाणे आणि हाताप्रमाणे. एकाच लेखकाचे एक पुस्तक आहे तसे छापावयाचे आणि दुसरे, दहाच वर्षांनी लिहिलेले, दुरुस्त करून.