दानाचे घर आणि हक्काची खोली

मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना पगाराच्या आधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, आणि तरीही कळले नाही तर 'नॉनव्हेज खाता का?' असे विचारतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही, फक्त संताप येतो.

सध्या एक नवी भाषा कानावर येते. शहरातल्याच मोकळ्या किंवा पडीक भूखंडांवर धर्मादाय ट्रस्टने गरिबांसाठी परवडणारी, पर्यावरणपूरक घरे बांधावीत. कल्पना चांगली आहे. गरिबाला कर्जत-कसाऱ्याकडे ढकलण्यापेक्षा कामाच्या जवळ घर मिळाले तर त्याचा वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि शहरालाही नवे रस्ते, नव्या जलवाहिन्या ओढाव्या लागत नाहीत. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. हा 'गरीब' नेमका कोणाचा गरीब?

उत्तरासाठी मुंबईचा इतिहास पाहिला पाहिजे. 1896 मध्ये प्लेग आला. दाटीच्या वस्त्या हे रोगाचे मूळ ठरवले गेले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही ठिकाणी चाळी बांधल्या. मात्र जितक्यांची घरे गेली तितक्यांना घरे मिळाली नाहीत.

याच काळात दानाची घरेही उभी राहत होती. जेरबाई वाडिया यांनी लालबागेत गरीब पारशी कुटुंबांसाठी नवरोज बाग उभारली, पुढे अशा अनेक बागा झाल्या. 1915 मध्ये गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. ती दान नव्हती, सभासदांचा सहकार होता. पण दार दोन्हीकडे आपल्याच लोकांसाठी उघडे होते. या दात्यांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांनी आपल्या माणसांसाठी केले. पण ज्या समाजात एकही शेठ नव्हता, एकही ट्रस्ट नव्हता, त्याच्यासाठी कोण करणार होते?

बाबासाहेबांचा अनुभव आठवा. 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्यात नोकरीला गेला, तर त्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. एका समाजाच्या सोयीसाठी असलेल्या घराच्या दारात इतरांचे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते.

आणि हेच बाबासाहेब मुंबईत कुठे राहिले? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत. 1934 मध्ये दादरच्या राजगृहात जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड तिथेच होते. 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा असो की 1927 चा महाडचा सत्याग्रह, हा सगळा काळ त्या चाळीचा आहे. ती खोली कोणाच्या दयेची नव्हती. ती सार्वजनिक संस्थेची, भाडे भरून घेतलेली खोली होती.

1920 नंतर बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती, प्रत्येक इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, नळ-संडास सामायिक. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. म्हणजे ज्या कापसावर मुंबई श्रीमंत झाली, त्यातलाच वाटा घरांकडे वळवला गेला. या खोल्या कोंदट होत्या, त्यांचे गोडवे गाण्याची गरज नाही. जातही दाराबाहेर राहिली नव्हती. कोणत्या चाळीत कोण राहतो हे सर्वांना ठाऊक असे आणि जानेवारी 1974 मध्ये वरळीत पँथरच्या कार्यकर्त्यांवर काय गुदरले, भागवत जाधव कसे शहीद झाले, हे आपण विसरलेलो नाही. तरीही गिरणीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर आपल्याला पाय रोवता आले ते या सार्वजनिक चाळींमुळेच. मंडळे, वाचनालये, जयंतीच्या मिरवणुका तिथेच वाढल्या.

काही जण म्हणतील, हा जुना इतिहास झाला. मग 2005 चे काय? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. आधार होता संघटना स्वातंत्र्याचा. हेच स्वातंत्र्य सवर्णांच्या प्रत्येक सोसायटीच्या हाती काय होऊ शकते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून आम्ही म्हणतो, धर्मादाय घरांना आमचा विरोध नाही, अटी आहेत. भूखंड सरकारचा, जादा एफएसआय सरकारचा, करसवलत सरकारची, तर दरवाजा एका जातीचा चालणार नाही. वाटप जाहीर यादीने आणि सोडतीने झाले पाहिजे. आणि देखभालीचा खर्च आधीच ठरला पाहिजे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत बीडीडीच्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंद आहे. पण टॉवरला लिफ्ट असते, पंप असतो. त्याचे बिल झेपले नाही तर माणूस घर विकून शहराबाहेर जातो. मग ते घर टिकाऊ कसे म्हणायचे? इमारत टिकली, माणूस टिकला नाही.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाही. आपल्याकडेही आता ट्रस्ट आहेत, दान जमते. विहार हवेत, पुतळे हवेत, पण गावाकडून शिकायला आलेल्या मुलीला राहायला शहरात आपण किती खोल्या बांधल्या? आणि बांधू तेव्हा आपल्या दारात आडनाव विचारायचे नाही, फक्त गरज विचारायची. बडोद्याच्या त्या अकराव्या दिवसाला याहून चांगले उत्तर नाही.

जयभीम!