रिकामा शेरा

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला. "मावशी, चार दिवस पेढे वाटायच्या तयारीत होतो, आणि आज कळलं की परीक्षाच झाली नव्हती!"

भाचा एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. हे संगणक रात्रंदिवस चालू असतात, दूर कुठल्यातरी इमारतीत ठेवलेले असतात आणि हा घरी बसून त्यांत शिरतो. दर आठवड्याला 'स्कॅनर' नावाचा एक तपासनीस प्रत्येक सर्व्हरमध्ये लॉगिन करतो आणि कुठे भोके आहेत त्याची यादी देतो. गेल्या महिन्यात भाच्याने दूरून शिरण्याचे नियम कडक केले. पुढच्या अहवालात 'गंभीर' दोषांच्या रकान्यात शून्य! साहेबांनी शाबासकी दिली. चार दिवसांनी अहवालाच्या तळाशी एक बारीक ओळ त्याच्या नजरेस पडली : लॉगिन होऊ शकले नाही. म्हणजे तपासनीस दाराबाहेरूनच परत गेला होता.

तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बीए झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला ह्यात काय कळणार? खरे आहे. पण मी तीस वर्षे इतिहास शिकवला. कुठलीही गोष्ट ऐकली की 'हे सुरू कुठून झाले?' हा प्रश्न सुटत नाही. मग भाच्याला विचारत, वाचत बसले. जे हाती लागले ते इथे मांडते.

सुरुवात 2 नोव्हेंबर 1988 पासून करावी लागते. रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने त्या दिवशी इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला आणि हजारो संगणक ठप्प झाले. तो शिरला ते ठाऊक असलेल्या भोकांतून आणि सोप्या पासवर्डांतून. गंमत म्हणजे मुलाचे वडील अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मोठे शास्त्रज्ञ होते! त्या धक्क्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे मदतकेंद्र निघाले, आणि चोराच्या आधी आपणच आपले घर तपासावे हा विचार रुजला.

त्या विचाराला पुढे दोन फाटे फुटले. डॅन फार्मर ह्या तरुणाने पर्ड्यू विद्यापीठातल्या जीन स्पॅफर्ड ह्यांच्याबरोबर 'कॉप्स' नावाची साधने केली. ती संगणकाच्या आत चालत. कुठल्या फाइलला कोणाची परवानगी आहे, पासवर्ड कच्चे आहेत का, हे घरात बसून बघत. पुढे त्याच फार्मरने वीत्से व्हेनेमा ह्या डच संशोधकाबरोबर 'सेटन' केले. हे बाहेरून, नेटवर्कवरून दारे ठोठावून बघणारे. एप्रिल 1995 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले तेव्हा केवढा गहजब उडाला! चोरांच्या हाती कोलीत दिले म्हणाले. सैतानाचे नाव ज्यांना खटकेल त्यांच्यासाठी नाव बदलून 'सँटा' करण्याची सोयही आतच ठेवलेली होती. 1998 मध्ये रेनो देरेझाँ ह्या फ्रेंच पोराने 'नेसस' काढले आणि ते फुकट वाटले. आजचे बरेच स्कॅनर त्याच घराण्यातले.

बाहेरून बघणारा आणि आत जाऊन बघणारा ह्यांत फरक काय? बाहेरच्याला दारे आणि पाट्या दिसतात. पाटीवर जुना आवृत्ती-क्रमांक दिसला की तो 'दोष' म्हणून लिहितो. पण लिनक्स पुरवणाऱ्या संस्था पुष्कळदा क्रमांक तोच ठेवून आतले भोक बुजवतात. उलट, ज्या सॉफ्टवेअरची पाटी दारावर नाहीच, ते आत सडत पडले असले तरी बाहेरच्याला कळत नाही. आत गेलेला मात्र बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादीच वाचतो. भाचा ह्यालाच ऑथेंटिकेटेड स्कॅन म्हणतो. मी म्हणते, किल्ली देऊन करून घेतलेली तपासणी.

आता दाराची गोष्ट. पूर्वी दूरच्या संगणकात शिरायला 'टेलनेट' वापरत. त्यात पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिलेल्या मजकुरासारखा. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड चोरले. तिथल्या तातू इलोनेन ह्यांनी त्याच वर्षी 'एसएसएच' तयार केले. सगळा मजकूर बंद पाकिटात. 1999 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी 'ओपनएसएसएच' ही खुली आवृत्ती काढली. आज बहुतेक सर्व्हरांच्या दाराला हेच कुलूप असते.

आणि कुलूप वर्षावर्षाला कडक होत गेले. संगणकातल्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. 2015 च्या आवृत्तीपासून रूटने नुसत्या पासवर्डवर शिरणे मुळातूनच बंद ठेवले गेले. 'शा-1' ही जुनी गणिती पद्धत 2017 मध्ये ॲमस्टरडॅमच्या आणि गूगलच्या संशोधकांनी प्रत्यक्ष फोडून दाखवली. 2021 पासून ओपनएसएसएच त्या पद्धतीने केलेली सही मुळातूनच नाकारते.

म्हणजे बघा, तपासनीसही सज्जन आणि कुलूपही सज्जन. पण कुलूप बदलणाऱ्याने तपासनीसाला कळवले नाही, की घोटाळा झालाच.

भाच्याने मग काय केले ते ऐकण्यासारखे आहे. आधी तो स्कॅनरच्याच संगणकावरून हाताने लॉगिन करून बघू लागला. जोडणीच होईना, कारण नव्या नियमाप्रमाणे एका ठरावीक चौकीवरूनच आत येता येत होते. त्याने स्कॅनरच्या पत्त्याला परवानगी दिली. मग सर्व्हरच्या नोंदवहीत दिसले, की रूटला मनाई. त्याने स्कॅनरसाठी वेगळे खाते उघडले आणि पासवर्डऐवजी किल्ली दिली. किल्लीही नाकारली गेली, कारण जुना स्कॅनर अजून शा-1 चीच सही करत होता. स्कॅनर नवा केला. लॉगिन झाले, तरी यादी अर्धवट! खात्याला आतल्या खोल्यांत जायची परवानगीच नव्हती. तीही मोजून-मापून दिली. एकामागे एक चार दारे, आणि प्रत्येक दार उघडल्यावरच पुढचे दिसे.

"कुणीतरी सुचवलं, जुनं कुलूपच परत लाव म्हणून," भाचा म्हणाला. त्याने ते ऐकले नाही, हे मला आवडले. तपासनीसासाठी दार सैल करायचे नसते. त्याला नीट किल्ली द्यायची, आणि ती किल्लीही त्याच्याच पत्त्यावरून चालेल अशी बांधून ठेवायची. सगळ्या घरांत जाणारी किल्ली चोराच्या हाती लागली तर काय उरले?

पुढच्या अहवालात गंभीर दोष निघाले एकतीस. साहेबांचा चेहरा उतरला. भाचा म्हणतो, मला मात्र त्या रात्री झोप लागली.

हे फक्त शाबासकीपुरते नसते. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची, लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारी मोठी कंपनी आहे. मार्च 2017 मध्ये 'अपाची स्ट्रट्स' ह्या सॉफ्टवेअरमधले एक भोक जाहीर झाले. कंपनीने त्याच महिन्यात स्कॅन केले. काहीही सापडले नाही. भोक तर होतेच. मे महिन्यात चोर त्यातून शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत वावरत राहिले. ये-जा तपासणारे एक यंत्रही होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली. त्यामुळे ते पाकिटे उघडून बघतच नव्हते. प्रमाणपत्र नवे केल्याबरोबर संशयास्पद हालचाल दिसली! तोवर सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली होती. पहारेकरी डोळे बांधून उभा होता आणि 'सब ठीक' म्हणत होता.

हे वाचताना मला माझी पहिली शाळा आठवत राहिली. गाव सांगत नाही. वार्षिक तपासणीला साहेब यायचे. गावकरी त्यांना 'दिपोटी'च म्हणत. आदल्या दिवशी हेडमास्तर सांगायचे, "बाई, कच्च्या पोरांना उद्या घरीच राहू द्या." मी नवी होते, तसे केले. माझ्या चौथीच्या वर्गातल्या तीन मुलांना मी स्वतः तसे सांगितले. साहेब आले, हुशार मुलांनी धडाधड वाचून दाखवले, शेरेबुकात 'वाचन समाधानकारक' असा शेरा पडला. त्या तिघांपैकी एकाला जोडाक्षर वाचता येत नव्हते. शेरा चांगला होता, म्हणून कोणी विचारले नाही. मीही नाही. तो पाचवीत गेला आणि दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही. पुढे तो बाजारात भेटायचा, हमाली करायचा. 'नमस्कार बाई' म्हणायचा. मला त्याच्या डोळ्यांत बघवत नसे.

'दोष सापडला नाही' आणि 'तपासायला मिळाले नाही' ही दोन वाक्ये कागदावर सारखीच दिसतात. दोन्हींचा शेरा रिकामाच. आता भाचा अहवाल हाती आला की आकडा नंतर बघतो, आधी तळाची ओळ वाचतो : तपासनीस आत गेला होता का? कोणत्या खोल्यांत गेला?

मला हे पन्नास वर्षे उशिरा कळले. असो. भाच्याला चार दिवसांत कळले, ह्यातच आनंद आहे.