बेचाळीसचा डाग आणि अठरा वर्षांनी परतलेला कर्णधार

१/
२४ ऑगस्ट १९७१. गणेश चतुर्थी. गिरगाव, परळ, लालबागच्या मंडपांत गणपती बसले, त्याच दिवशी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडला त्यांच्या भूमीवर प्रथमच कसोटीत हरवले. कर्णधार होता मुंबईचा, शिवाजी पार्कच्या क्रिकेटपरंपरेतला. तीन वर्षांनी त्याच्याच घरावर दगड पडले. आणि अठरा वर्षांनी तोच माणूस भारतीय संघाचा व्यवस्थापक होऊन ड्रेसिंग रूममध्ये परतला. ही गोष्ट अजित वाडेकरांची.

२/
खेळाडूने पुढे संघाचा व्यवस्थापक व्हावे, ही फुटबॉलची जुनी रीत. इराणचा अली दाई हा आघाडीपटू शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल करून निवृत्त झाला. २००८ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक झाला आणि २००९ च्या मार्चमध्ये तेहरानमध्ये सौदी अरेबियाकडून पराभव होताच त्याला पदावरून दूर करण्यात आले. मैदानावरची कीर्ती व्यवस्थापकाच्या खुर्चीला टेकू देत नाही, हा धडा जगभर सारखाच.

३/
भारतीय क्रिकेटमध्ये मात्र 'मॅनेजर' या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ निराळा होता. सामानाची मोजदाद, हॉटेलच्या खोल्या, भत्त्यांचे वाटप, मेजवानीतील आभाराचे भाषण ही त्याची कामे. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाबरोबरही प्रशिक्षक नव्हता; होते ते मॅनेजर मानसिंग. डावपेच आखणारा, संघनिवडीत शब्द असणारा 'क्रिकेट मॅनेजर' १९९० नंतर आला. त्या पदाला खरे वजन वाडेकरांच्या काळात मिळाले.

४/
१ एप्रिल १९४१ रोजी मुंबईत जन्म. गणितात गती असलेल्या मुलाने इंजिनिअर व्हावे, ही वडिलांची इच्छा. क्रिकेट आले ते बसच्या प्रवासातून. शेजारी राहणारे आणि कॉलेजात पुढच्या वर्गात असलेले लेगस्पिनर बाळू गुप्ते यांनी त्या प्रवासात विचारले, की आमच्या संघाला बारावा गडी हवा आहे, येणार का? मैदानावर पाणी नेण्यासाठी गेलेला हा विद्यार्थी पुढे देशाचा कर्णधार झाला.

५/
१९५८-५९ च्या हंगामात वाडेकरांनी मुंबईकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्याच हंगामापासून मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. अशा संघात जागा मिळवणे कठीण, टिकवणे त्याहून कठीण. वाडेकर धावांच्या राशी ओतत राहिले. १९६६-६७ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ३२३ धावा केल्या. तरी कसोटी पदार्पणासाठी डिसेंबर १९६६ उजाडावा लागला. मैदान चर्चगेटजवळचे ब्रेबॉर्न, प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीज, वय पंचवीस.

६/
डावखुरा, उंच, तिसऱ्या क्रमांकावर निर्धास्त खेळणारा फलंदाज आणि स्लिपमधला भरवशाचा क्षेत्ररक्षक. १९६८ मध्ये वेलिंग्टनला त्यांनी १४३ धावा केल्या. त्याच दौऱ्यात भारताने परदेशात पहिली कसोटी मालिका जिंकली. कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी. वाडेकरांचे हे एकमेव कसोटी शतक ठरले. मेलबर्नला ते ९९ वर बाद झाले होते. नव्वदीत अडखळणे त्यांच्या वाट्याला वारंवार आले.

७/
१९७१ च्या आरंभी वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. निवड समितीची मते विभागली गेली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले. पतौडी गेले. नवाबाच्या जागी स्टेट बँकेतला नोकरदार आला. याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण काळाचा वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे दोन्हींतून कळते.

८/
किंग्स्टनची पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५. तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, एकनाथ सोलकरांनी ६१ धावांची साथ दिली आणि डाव ३८७ वर पोचला. वेस्ट इंडीज २१७ वर गडगडले. पहिला दिवस बुडाल्याने सामना चार दिवसांचा धरला जात होता. अशा सामन्यात फॉलोऑनसाठी २०० नव्हे, १५० धावांची आघाडी पुरते. नियम ठाऊक असलेले वाडेकर प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांनी गॅरी सोबर्सना सांगितले, की पुन्हा फलंदाजी तुम्हीच करायची आहे.

९/
सामना अनिर्णित राहिला, पण मनावरचे दडपण बाजू बदलून गेले. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत सलीम दुराणींनी लागोपाठ दोन मोठे बळी घेतले. क्लाइव्ह लॉइडचा झेल वाडेकरांनी टिपला, सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत झाले. भारत ७ गडी राखून जिंकला. ताडदेवच्या चिखलवाडीतला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर त्या कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा करून गेला. चार कसोटींत त्याच्या ७७४ धावा झाल्या. वेस्ट इंडीजविरुद्धचा हा भारताचा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय.

१०/
मग इंग्लंड. लॉर्ड्स आणि मँचेस्टरचे सामने अनिर्णित. ओव्हलवर पहिल्या डावात भारत ७१ धावांनी मागे. दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ वर संपले. विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. अखेरच्या दिवशी सकाळी वाडेकर आदल्या दिवसाच्या ४५ वरच धावचीत झाले. ते ड्रेसिंग रूममध्ये येऊन चक्क झोपी गेले. भारत जिंकल्याची बातमी द्यायला इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना जागे केले, असे सांगितले जाते.

११/
त्या सामन्यात भारतीय पाठीराख्यांनी बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. गणपतीच्या दिवसांत याहून शुभ शकुन कोणता? विजयी चौकार आबिद अलींनी मारला. त्या अकरा जणांत सहा जण मुंबईच्या क्रिकेटमध्ये घडलेले: गावसकर, अशोक मांकड, वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि दादर पारशी कॉलनीचे फारुख इंजिनिअर. सोलकरांचे वडील तर हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे. चाळ, कॉलनी आणि जिमखान्याच्या आवारातून आलेल्या मुलांनी ही मालिका जिंकली होती.

१२/
संघ मायदेशी परतला, मिरवणुका निघाल्या. १९७२ मध्ये वाडेकरांना पद्मश्री मिळाली. १९७२-७३ मध्ये भारताने इंग्लंडला मायदेशातही २-१ असे हरवले. वाडेकरांच्या नेतृत्वाखालचा हा लागोपाठ तिसरा मालिका विजय. इंदूरमध्ये, जिथे मराठी वस्ती होळकरांच्या काळापासून नांदते आहे, १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारण्यात आली. तिच्यावर खेळाडूंची नावे कोरली होती.

१३/
उतरण सुरू झाली ती घरातूनच. १९७३-७४ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर मुंबईला हरवले आणि पंधरा वर्षांची सत्ता संपली. त्या डावात पाय घसरून धावचीत झालेला फलंदाज होता मुंबईचा कर्णधार, अजित वाडेकर.

१४/
१९७४ चा इंग्लंड दौरा. थंडी, ओलसर खेळपट्ट्या, संघातले बेबनाव. लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ६२९ धावांना भारताने ३०२ धावांचे उत्तर दिले आणि फॉलोऑन घेतला. २४ जून रोजी, अवघ्या १७ षटकांत, भारताचा दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. ख्रिस ओल्ड ५ बळी, जेफ अर्नोल्ड ४ बळी. दोन आकडी धावा करणारे एकटे सोलकर, नाबाद १८. मालिका ०-३. याच दौऱ्यात भारताचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्यात कर्णधार वाडेकरांनी ६७ धावा केल्या, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

१५/
संतापाला हिशेब ठाऊक नसतो. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. इंदूरची विजयाची बॅटही लोकांच्या रोषातून सुटली नाही. पश्चिम विभागाच्या संघातून त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. आकडे पाहा: कर्णधार म्हणून १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. चारपैकी तीन पराभव एकाच उन्हाळ्यातले. पण पुढची अनेक वर्षे त्यांच्या नावापुढे एकच आकडा लिहिला गेला, बेचाळीस.

१६/
वाडेकर बँकेच्या नोकरीत रमले. दरम्यान भारतीय क्रिकेट बदलले: विश्वचषक आला, रंगीत टीव्ही आला, पैसा आला. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारत ०-४ असा हरला. १९९२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या ऐतिहासिक दौऱ्यावर क्रिकेट मॅनेजर म्हणून एकावन्न वर्षांचे वाडेकर गेले. तिथेही मालिका ०-१ अशी गमावली. कर्णधार महंमद अझरुद्दीन यांचे पद डळमळीत झाले होते. व्यवस्थापकाचेही झाले असते, तर नवल नव्हते.

१७/
१९९३ चा जानेवारी. मुंबई दंगलींनी होरपळलेली. इंग्लंडचा संघ भारतात होता. वाडेकर आणि अझरुद्दीन यांनी डाव मांडला तो १९७१ च्याच भाषेत: फिरणाऱ्या खेळपट्ट्या, तीन फिरकी गोलंदाज आणि फलंदाजाच्या अंगावर उभे राहणारे क्षेत्ररक्षक. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या जागी आता अनिल कुंबळे, वेंकटपती राजू, राजेश चौहान होते. कोलकाता, चेन्नई, मुंबई; भारत ३-०. कुंबळे एकूण २१ बळी.

१८/
फेब्रुवारीतल्या वानखेडे कसोटीत विनोद कांबळीने २२४ धावा केल्या, सचिन तेंडुलकरने ७८. दोघेही शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले. आधीच्या दौऱ्यात डर्बनला पदार्पणात शतक ठोकणारा प्रवीण आमरेही तिथलाच. ज्या मातीने वाडेकरांना ओळख दिली, तिथली पुढची पिढी आता त्यांच्या देखरेखीखाली खेळत होती. दोन वर्षांत इंग्लंड, झिम्बाब्वे आणि श्रीलंकेविरुद्ध मायदेशातील सातही कसोटी भारताने जिंकल्या. १९९३ मध्ये श्रीलंकेत जाऊनही मालिका जिंकली.

१९/
त्याच वर्षी कोलकात्यात हीरो चषक आला. अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत ६ बळी घेतले. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि तेंडुलकरने सलामीला जाण्याची परवानगी मागितली. अझरुद्दीन आणि वाडेकर यांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा. एकदिवसीय क्रिकेटचा इतिहास बदलणारा हा निर्णय एका सकाळी दोन माणसांच्या संमतीने झाला. तरुणाचे ऐकून घेणे, हाही व्यवस्थापनाचाच भाग असतो.

२०/
या यशाची मर्यादाही सांगायला हवी. ते मुख्यतः मायदेशातले होते. 'घरचे वाघ' हा टोमणा त्या काळातच रूढ झाला. आणि शेवट पुन्हा जमावाच्या रागातच झाला. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. नाणेफेक जिंकून भारताने श्रीलंकेला फलंदाजी दिली. तेंडुलकर ६५ वर बाद होताच फिरत्या खेळपट्टीवर डाव कोसळला. ८ बाद १२० असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामनाधिकाऱ्यांनी विजय श्रीलंकेला बहाल केला. ते सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड, ज्यांचा झेल वाडेकरांनी पंचवीस वर्षांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनला घेतला होता.

२१/
पुढच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून संदीप पाटील गेले, तेही शिवाजी पार्कचेच. वाडेकर १९९८ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. कसोटीपटू, कर्णधार, व्यवस्थापक, निवड समिती अध्यक्ष या चारही भूमिका वठवणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अपंग खेळाडूंच्या क्रिकेटसाठीही त्यांनी मनापासून काम केले.

२२/
१५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दादरच्या शिवाजी पार्क स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले.

इतिहास वाचणाऱ्याने त्यांच्या कारकिर्दीतून एक गोष्ट घ्यावी. १९७१ ची मिरवणूक खरी होती आणि १९७४ चे दगडही खरे होते, पण त्या दोहोंच्या मधला माणूस तोच होता. नियमाचे पुस्तक वाचून सोबर्सच्या दारात जाणारा, निकालाआधी शांतपणे झोपणारा आणि अपमान गिळून अठरा वर्षांनी त्याच दारातून पुन्हा आत येणारा. बेचाळीस हा आकडा त्याच्या नावासमोर लिहावाच. फक्त तो एकटा लिहू नये.

#मराठीथ्रेड #मुंबईचा_इतिहास #क्रिकेट_इतिहास